निवृत्तीचा पैसा आणि अंदाजाचा भाव

निवृत्तीसाठी साठवलेला पैसा शेअर बाजाराच्या बाहेरही गुंतवला पाहिजे, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. रस्ते, रुग्णालयं, गोदामं, वीजप्रकल्प, बाजारात नोंद नसलेल्या कंपन्या, म्हणजे आमच्या व्यवसायात ज्याला 'प्रायव्हेट मार्केट' म्हणतात, तिथे. माझं नोकरीचं आयुष्य गुंतवणुकीच्या कामात गेलं आणि त्यातला मोठा काळ मी एका कंपनीच्या भविष्य निर्वाह निधी ट्रस्टचा विश्वस्त होतो. राष्ट्रीय पेन्शन प्रणालीत, म्हणजे एनपीएसमध्ये, पर्यायी गुंतवणुकीसाठी वेगळा गट झाला आणि त्याला ५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली गेली, तेव्हा मला ती फार कमी वाटली. ती २० टक्क्यांपर्यंत न्यावी असं मी बैठकांत बोललो, लेखांत लिहिलं, प्रशिक्षणवर्गांत शिकवलं.

आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते का बदललं हे सविस्तर मांडायला हवं, कारण मी जे बोलत होतो तेच आज बरेच जण अधिक मोठ्या आवाजात बोलत आहेत. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून नोकरदारांच्या निवृत्ती खात्यांना खासगी गुंतवणुकीची दारं उघडण्याची दिशा ठरवून दिली. आपल्याकडेही तोच आग्रह सुरू आहे. निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर माझे जुने मुद्दे असतील, तर नवे मुद्देही तिथे असायला हवेत.

पहिलं मत कुठून आलं ते आधी सांगतो. २०१८च्या उन्हाळ्यापर्यंत आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणाऱ्या समूहाच्या कर्जरोख्यांना 'ट्रिपल ए' हे सर्वोच्च मानांकन होतं. सप्टेंबर संपता संपता ते 'डी'वर, म्हणजे थकबाकीदाराच्या पायरीवर आलं. समूहावर ९० हजार कोटी रुपयांहून अधिक कर्ज होतं. १ ऑक्टोबरला सरकारला संचालक मंडळ बरखास्त करून नवं नेमावं लागलं. देशभरातल्या अनेक पीएफ ट्रस्टांकडे हे रोखे होते. नियमाने ठरवून दिलेल्या गुंतवणुकीच्या चौकटीत ते चपखल बसत होते, म्हणूनच ते घेतलेले होते. अशा ट्रस्टला ईपीएफओच्या दरापेक्षा कमी व्याज देता येत नाही आणि तूट आली तर ती कंपनीने भरायची असते. त्या दिवसांत कितीतरी विश्वस्तांनी ताळेबंद पुन्हा पुन्हा तपासले असतील, मीही तपासले. त्यानंतर मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे 'एटी-१' रोखे, म्हणजे बँकेच्या भांडवलात धरले जाणारे कर्जरोखे, शून्य झाले. ज्या कागदाला आपण सुरक्षित म्हणतो तो असा एका रात्रीत नाहीसा होत असेल, तर डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूची मालकी का घेऊ नये, असं मला वाटू लागलं. रस्ता कुठे जात नाही, रुग्णालय कुठे जात नाही.

त्याच काळात मी येल विद्यापीठाच्या निधीचा अभ्यास करत होतो. डेव्हिड स्वेन्सन १९८५ मध्ये तिथे आले तेव्हा निधी सुमारे १.३ अब्ज डॉलरचा होता. त्यांनी रोखे आणि अमेरिकी शेअर यांवरची भिस्त कमी केली आणि प्रायव्हेट इक्विटी, व्हेंचर कॅपिटल, जंगलं, जमिनी यांत पैसा वळवला. मे २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्या जूनअखेर निधी ४२.३ अब्ज डॉलरवर पोचला होता आणि त्या एका वर्षाचा परतावा ४०.२ टक्के होता. जगभरच्या विद्यापीठांनी आणि पेन्शन फंडांनी हा नमुना उचलला. कॅनडाने तर पेन्शनसाठी स्वतःची पद्धत उभी केली. १९९७च्या कायद्याने तिथे सरकारी हस्तक्षेपापासून अलग असं गुंतवणूक मंडळ झालं, त्याने दोन हजारांहून अधिक माणसं पगारावर ठेवली आणि विमानतळ, टोल रस्ते, कंपन्या थेट विकत घ्यायला सुरुवात केली.

हा पैसा आपल्या दाराशीही आला आहे. बेळगाव ते कागल हा राष्ट्रीय महामार्गाचा तुकडा कोल्हापूरकरांच्या रोजच्या वापरातला. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने पाच टोल रस्ते एका इन्व्हिटमध्ये, म्हणजे पायाभूत सुविधा गुंतवणूक ट्रस्टमध्ये घातले. त्यात हा तुकडा होता. कॅनडाच्या राष्ट्रीय पेन्शनचं मंडळ आणि ओंटारिओच्या शिक्षकांचा पेन्शन फंड या दोघांनी त्या ट्रस्टचे प्रत्येकी २५ टक्के युनिट घेतले. याच ओंटारिओच्या शिक्षकांच्या फंडाने २०२२ मध्ये पुण्याच्या सह्याद्री हॉस्पिटल्समध्ये बहुसंख्य मालकी घेतली आणि २०२५ मध्ये ती मणिपाल समूहाला विकण्याचा करार केला. कोल्हापूरच्या मालट्रकने भरलेला टोल आणि पुण्याच्या रुग्णाने भरलेलं बिल यांतून टोरांटोच्या निवृत्त शिक्षिकेची पेन्शन भरत आली. मग आपल्या शिक्षिकेची का भरू नये? हा माझा प्रश्न होता, आणि तो विचारताना मला मनापासून चीड यायची.

ही सगळी माहिती आजही खरी आहे. प्रश्नही रास्त आहे. पण त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो मला माझ्या एका श्रोत्याने दिला.

महाराष्ट्राच्या सरकारी कर्मचाऱ्यांपुढे मी पेन्शनच्या गुंतवणुकीबद्दल बोलत होतो. नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेली, म्हणजे जुनी पेन्शन नसलेली माणसं समोर होती. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, मी ३१ मेला रिटायर होतेय. त्या रस्त्याचा, त्या कंपनीचा भाव बाजारात लागत नाही म्हणता. मग त्या दिवशी माझ्या युनिटचा भाव कोण ठरवणार?"

मी त्यांना नियमांचं उत्तर दिलं. मूल्यांकनकार असतो, पद्धत ठरलेली असते, वगैरे. त्या म्हणाल्या, "म्हणजे अंदाज. तो चुकला तर फरक मला मिळणार का?" उत्तर 'नाही' असं होतं, आणि ते मी त्यांना तसंच सांगितलं.

तिथून माझा विचार वेगळ्या दिशेला लागला. गावाकडच्या जमिनीची भाऊवाटणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा पेच लगेच कळेल. चार भावांतला एक शहरात चाललाय, त्याला त्याचा हिस्सा आत्ता रोख हवाय. जमीन विकायची नाही, मग त्याला पैसे कोणत्या भावाने द्यायचे? भाव जास्त धरला तर मागे राहिलेले तिघे बुडतात, कमी धरला तर जाणारा बुडतो. चौघांनाही कुठेच जायचं नसतं तेव्हा हा प्रश्न उद्भवत नाही. जमीन तीच, पीक तेच. पण एक जण बाहेर पडायला निघाला की भाव हाच सगळ्यात मोठा मुद्दा होतो.

येलच्या निधीतून कोणी निवृत्त होऊन आपला हिस्सा घेऊन जात नाही. तो निधी विद्यापीठाचा आहे आणि दरवर्षी त्यातला ठरावीक भाग खर्चाला दिला जातो. कॅनडाच्या राष्ट्रीय पेन्शनमध्येही सभासदाच्या नावावर युनिट नसतात. त्याला सूत्राने ठरलेली पेन्शन मिळते, त्यामुळे एखाद्या विमानतळाची किंमत कागदावर १० टक्के जास्त लावली म्हणून आज निवृत्त होणाऱ्याला दमडीही जास्त मिळत नाही. वर्गणी सक्तीची, व्यवस्थापक एकच, मधेच पैसे काढून घ्यायची सोय नाही. अशा निधीला दहा, वीस वर्षं थांबणं परवडतं.

एनपीएस तसं नाही. प्रत्येकाचं खातं वेगळं, त्यात युनिट, युनिटचा भाव रोज जाहीर होतो. रोज कोणी ना कोणी येतो, कोणी जातो, कोणी एका गटातून दुसऱ्या गटात पैसे हलवतो. रचनेच्या दृष्टीने आपली ही योजना कॅनडापेक्षा ऑस्ट्रेलियाच्या 'सुपर' या निवृत्ती योजनेला कितीतरी जवळची आहे. मी इतकी वर्षं कॅनडाकडे बोट दाखवत राहिलो. ऑस्ट्रेलियात काय घडलं हे बारकाईने वाचायला लागलो तेव्हा माझं जुनं मत टिकेनासं झालं.

ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या फंडांकडे विमानतळ, बंदरं, कार्यालयीन इमारती अशी बाजारात नोंद नसलेली मालमत्ता भरपूर आहे. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, तिथल्या सरकारने अडचणीतल्या लोकांना आपल्या निवृत्ती खात्यातून आधी १० हजार आणि पुढच्या आर्थिक वर्षात आणखी १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर काढायची मुभा दिली. लोकांनी एकूण ३५ अब्जांहून अधिक काढले. त्याच दिवसांत विमानं जमिनीवर होती आणि शहरं बंद होती. विमानतळाची किंमत कागदावर मात्र आधीच्या मूल्यांकनाचीच. त्या किमतीवर बाहेर पडणाऱ्याला पैसे देणं म्हणजे आत राहणाऱ्याच्या खिशातून देणं. मोठ्या फंडांना हे कळत होतं, म्हणून त्यांनी ठरलेल्या मूल्यांकनाची वाट न बघता मार्चमध्येच किमती खाली आणल्या. त्यानंतर तिथल्या नियामकाने मूल्यांकनाचे आणि रोखतेचे नियम कडक केले, ते जानेवारी २०२३ पासून लागू झाले. एवढा अनुभवी देश, एवढे मोठे फंड, आणि तरीही २०२४ मध्ये तिथल्या सगळ्यात मोठ्या फंडाला प्लुरलसाइट या एका खासगी कंपनीतली सुमारे १.१ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची गुंतवणूक शून्यावर आणावी लागली.

अंदाजाचा भाव किती हलू शकतो याचं उदाहरण आपल्या देशातही आहे. बायजूज या ऑनलाइन शिक्षणाच्या कंपनीचं मूल्य २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर धरलं गेलं. तिच्या मोठ्या भागधारकांपैकी प्रोसस या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ते ३ अब्जांच्या खाली असल्याचं सांगितलं आणि २०२४ मध्ये आपल्या हिश्शाची किंमत थेट शून्य केली. कंपनी शेअर बाजारात असती तर हा उतार रोज, सगळ्यांना, एकाच वेळी दिसला असता. इथे ज्याने त्याने आपापल्या वेळी, आपापल्या हिशेबाने तो मान्य केला. २०२२च्या भावाने कोणी निवृत्त झाला असता तर तो फायद्यात राहिला असता आणि २०२४ मध्ये निवृत्त होणाऱ्याने ते पैसे भरले असते. दोघंही पगारदार, दोघांनीही वर्गणी सारखीच भरलेली. असा अन्याय कोणाच्या लबाडीशिवाय, निव्वळ रचनेमुळे घडतो, म्हणून तो मला अधिक टोचतो.

खासगी गुंतवणुकीच्या बाजूने मी एक युक्तिवाद नेहमी करायचो. बाजार कोसळतो तेव्हा या गुंतवणुकी स्थिर राहतात, म्हणून निधीची एकूण जोखीम कमी होते. आज मी तो करत नाही. शेअर बाजारातल्या आणि बाजाराबाहेरच्या रुग्णालय कंपन्यांचे रुग्ण, डॉक्टर, व्याजदर सारखेच असतात. एकीची किंमत दर सेकंदाला लागते, दुसरीची तीन महिन्यांनी किंवा वर्षाने. दुसरीचा आलेख सरळ दिसतो तो मोजमाप विरळ असल्यामुळे. गुंतवणूक व्यवस्थापक क्लिफ अ‍ॅस्नेस यांनी याला 'व्होलॅटिलिटी लाँडरिंग', म्हणजे चढउतार धुऊन काढणं, असं नाव दिलं. कठोर शब्द आहे, पण मला तो पटतो.

या स्थिर दिसणाऱ्या किमतीतून दुसरी अडचण निघते. समजा, निधी १०० कोटींचा आहे आणि त्यातले २० कोटी खासगी गुंतवणुकीत आहेत. बाजार पडला आणि बाकीचे ८० कोटी ६० वर आले. खासगी गुंतवणूक कागदावर २० कोटीच राहिली, म्हणजे तिचं प्रमाण आपोआप २५ टक्के झालं. मर्यादा २० टक्क्यांची असेल तर काहीतरी विकायला हवं, पण जे विकायला हवं ते विकलं जात नाही. भागाकारातला छेद लहान झाल्यामुळे हे होतं, म्हणून जगभर याला 'डिनॉमिनेटर इफेक्ट' म्हणतात. त्यातच आधी शब्द दिलेले पैसे भरण्याची मागणी, म्हणजे 'कॅपिटल कॉल', येत राहते. ती चुकवता येत नाही.

२००८ मध्ये हार्वर्डने हे सोसलं. जून २००८ मध्ये ३६.९ अब्ज डॉलरचा निधी वर्षभरात २६ अब्जांवर आला. रोख हाती राहावी म्हणून विद्यापीठाने त्या डिसेंबरात २.५ अब्ज डॉलरचे रोखे काढले आणि ऑलस्टनमधल्या विज्ञान संकुलाचं बांधकाम पुढे थांबवलं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारी रोख्यांचे भाव कोसळले, पेन्शन फंडांना तातडीने रोकड लागली आणि २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला बाजारात उतरावं लागलं. विकता येईल ते सगळं विकल्यावर त्या फंडांकडे न विकता येणाऱ्या गुंतवणुकींचा वाटा फुगला आणि अनेकांनी त्या पडत्या भावाने दुसऱ्यांना दिल्या. ज्या येलकडून जग हे शिकलं, त्या येलनेही २०२५ मध्ये आपल्या प्रायव्हेट इक्विटीचा अब्जावधी डॉलरचा हिस्सा विकायला काढला. व्याजदर २०२२ पासून वाढले, विकत घेतलेल्या कंपन्या पुन्हा विकणं अवघड झालं आणि फंडांकडून पैसे परत यायचा वेग मंदावला. कंपनी विकली जात नाही म्हणून जुन्या फंडाचा व्यवस्थापक ती स्वतःच्याच नव्या फंडाला विकतो, असे 'कंटिन्युएशन फंड' आता सर्रास निघतात. आपल्याकडे मुदत संपूनही न विकलेल्या गुंतवणुकींसाठी सेबीला २०२४ मध्ये 'डिसोल्यूशन पीरियड'ची तरतूद करावी लागली.

तिसरी गोष्ट खर्चाची. प्रायव्हेट इक्विटीचा रूढ हिशेब म्हणजे दरसाल २ टक्के व्यवस्थापन शुल्क आणि ठरावीक परताव्याच्या वरच्या नफ्यात २० टक्के वाटा. १०० कोटींचा शब्द दिला की सुरुवातीच्या वर्षांत हे २ टक्के बहुधा शब्द दिलेल्या सगळ्या रकमेवर लागतात, मग प्रत्यक्ष गुंतवणूक ३० कोटींचीच झालेली का असेना. पाच वर्षांत १० कोटी गेले, वर आपल्याकडे शुल्कावर १८ टक्के जीएसटी. कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा 'कॅलपर्स' हा अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या पेन्शन फंडांपैकी एक. १९९० पासून नफ्यातला वाटा म्हणून व्यवस्थापकांना किती रक्कम दिली, याचा एकत्रित आकडा त्यांच्याकडे २०१५ पर्यंत नव्हता. मग काढला, तो ३.४ अब्ज डॉलर निघाला. इतक्या मोठ्या संस्थेला जो आकडा शोधून काढावा लागतो, तो आपल्याकडच्या एखाद्या कंपनीच्या पीएफ ट्रस्टला, जिथे विश्वस्त आपली रोजची कामं सांभाळून बैठकीला येतात, कसा कळणार? ऑक्सफर्डचे प्राध्यापक लुडोविक फालिपू यांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की २००६ पासूनच्या प्रायव्हेट इक्विटी फंडांनी गुंतवणूकदारांना शुल्क वजा जाता साधारण शेअर बाजाराइतकाच परतावा दिला. मधल्या मधे व्यवस्थापकांनी नफ्याचा वाटा म्हणून घेतलेली रक्कम त्यांच्या अंदाजाने सुमारे २३० अब्ज डॉलर होती.

माझ्या आवडत्या कॅनडाचा हिशेबही मी पुन्हा मांडला. मार्च २०२४ला संपलेल्या वर्षात तिथल्या राष्ट्रीय पेन्शन मंडळाला ८ टक्के परतावा मिळाला, तर त्यांनीच तुलनेसाठी ठरवलेल्या साध्या संदर्भनिधीला १९.९ टक्के. एका वर्षावरून निकाल देऊ नये, हे मी जाणतो. पण २००६ पासूनचा त्यांचा स्वतःचा दीर्घ हिशेबही सांगतो की एवढी माणसं, एवढी कार्यालयं, एवढा अभ्यास करून खर्च वजा जाता जादा मिळालेलं जवळपास काहीच नाही. त्यांची पेन्शन भक्कम आहे, वर्गण्या वेळेवर येतात, मंडळ स्वायत्त आहे, हे सगळं अनुकरणीय आहे. पण त्या भक्कमपणाचं श्रेय मी खासगी गुंतवणुकीला देत होतो, ते तितकंसं तिचं नाही.

याउलट नॉर्वे. जगातला सगळ्यात मोठा सरकारी निधी त्यांचा. त्यांच्याकडे पैसा आहे, माणसं आहेत, थांबायची ताकद आहे आणि कोणी युनिट घेऊन बाहेर पडत नाही. तरीही बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांत गुंतवणूक करायची परवानगी तिथल्या सरकारने पुन्हा पुन्हा नाकारली, शेवटचा नकार २०२४चा. खर्च वाढेल, पारदर्शकता कमी होईल आणि लोकांचा निधीवरचा विश्वास ढळेल, अशी कारणं त्यांनी दिली. स्थावर मालमत्ता आणि अक्षय ऊर्जा एवढ्यापुरतंच दार त्यांनी किलकिलं ठेवलं आहे.

लोकांचा विश्वास हे कारण मी पूर्वी हळवं समजायचो. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले लाखो कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमची म्हातारपणाची रक्कम बाजारावर सोडू नका. त्या मागणीचा राज्याच्या तिजोरीवर किती भार पडतो हा वेगळा वाद आहे. पण ज्या माणसाला रोज दिसणाऱ्या भावाचीही धास्ती वाटते, त्याला न दिसणाऱ्या भावावर विश्वास ठेव असं सांगायचं असेल, तर सांगणाऱ्याकडे भक्कम उत्तर पाहिजे. त्या बाईंच्या प्रश्नाला ते माझ्याकडे नव्हतं.

मग आपले रस्ते, आपली रुग्णालयं परदेशी पेन्शनरांसाठीच सोडायची का? नाही. माझं मत बदललं आहे, पण ते उलट्या टोकाला गेलेलं नाही. आज मी निधीचे दोन प्रकार वेगळे धरतो. ज्या निधीत सभासदाच्या नावावर युनिट आहेत आणि रोज कोणी ना कोणी बाहेर पडत असतो, तिथे बाजारात भाव लागणारे रीट, म्हणजे स्थावर मालमत्तेचे ट्रस्ट, आणि इन्व्हिट यांचे युनिट पुरेसे आहेत. इन्व्हिटला आपल्या वाटपयोग्य रोकडीतले किमान ९० टक्के युनिटधारकांना वाटावे लागतात, म्हणजे पैसे परत येताना दिसतात. बंदिस्त मुदतीच्या फंडांसाठी मात्र ५ टक्क्यांची जुनी मर्यादा शहाणपणाची होती, आणि ती वाढवण्याची मागणी मी मागे घेतो. दुसरा प्रकार सामायिक निधीचा, जिथे पेन्शन सूत्राने ठरते किंवा दायित्व दीर्घ मुदतीचं असतं. कर्मचारी पेन्शन योजना १९९५, आयुर्विम्याचे मोठे निधी हे रचनेने कॅनडाच्या जवळ जातात. तिथे सावकाश, मोजून पुढे जायला जागा आहे. किमान १,००० रुपये पेन्शनवर दिवस काढणाऱ्या वृद्धांसाठी जादा परताव्याचा प्रत्येक रुपया मोलाचा आहे, म्हणून ही वाट कायमची बंद करा असं मी म्हणणार नाही.

पण तिथेही काही गोष्टी आधी झाल्या पाहिजेत. ज्याचं शुल्क किमतीवर ठरतं त्याच्या हातात किंमत ठरवणं असू नये. सेबीने पर्यायी गुंतवणूक फंडांसाठी २०२३ पासून स्वतंत्र मूल्यांकनकार सक्तीचा केला, ही चांगली सुरुवात आहे. पेन्शनच्या पैशासाठी त्यापुढे जाऊन मोठी उलथापालथ झाली की मुदतीची वाट न बघता फेरमूल्यांकन करण्याचा नियम हवा. परताव्याचा अंतर्गत दर, म्हणजे 'आयआरआर', सांगून थांबू नये. भरलेल्या रुपयामागे प्रत्यक्ष किती पैसे परत आले, ज्याला 'डीपीआय' म्हणतात, तो आकडा पहिल्या ओळीत यावा. शुल्क, नफ्याचा वाटा, कर धरून एकूण खर्च टक्क्यांत नको, रुपयांत छापावा. बाजार ३० टक्के पडला तर पेन्शन आणि कॅपिटल कॉल दोन्ही कुठून देणार, याचं लेखी उत्तर दरवर्षी मंडळापुढे यावं. आणि संस्थेकडे स्वतःची जाणती माणसं नसतील तर तिने या बाजारात जाऊच नये. स्वेन्सन यांनी २००५ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांना आपला येलचा मार्ग सांगितला नाही. कमी खर्चाचे इंडेक्स फंड घ्या असं सांगितलं. तो सल्ला कमी मनुष्यबळाच्या संस्थांनाही तितकाच लागू आहे.

विश्वस्त म्हणून काम करणाऱ्या माझ्या मित्रांना माझी विनंती आहे. तुमच्यापुढे लवकरच सुंदर सादरीकरणं येतील. त्यात येल असेल, कॅनडा असेल, कदाचित माझाही एखादा जुना लेख असेल. त्या दिवशी सादरीकरण करणाऱ्याला परताव्याच्या आधी दोन प्रश्न विचारा. आमचा सभासद उद्या निवृत्त झाला तर त्याला कोणत्या भावाने पैसे मिळतील, आणि तो भाव कोणी ठरवलेला असेल? दोन्हींची उत्तरं लेखी, स्वच्छ मराठीत, सभासदाला समजतील अशी मिळेपर्यंत सही करू नका. आणि तुम्ही सभासद असाल, तर आपल्या ट्रस्टला, आपल्या पेन्शन फंडाला हेच दोन प्रश्न आजच पत्राने विचारा. तो पैसा तुमचा आहे, उत्तर मागण्याचा हक्कही तुमचाच आहे.